कोपराची खोट

एप्रिलमध्ये इंडियानात बेसबॉलची बॅट हातात धरवत नाही. चेंडू जरा मुठीजवळ बसला की तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, आणि धडधाकट माणसंही बगलेत हात घालून बाकावर परत येतात. त्या थंडीत उन्हाच्या बेटावरच्या बाराहोनाच्या ऊसपट्ट्यातून आलेला वीस वर्षांचा यॉर्डी फेलीस उघड्या दंडांनी खेळायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने डाव्या कुंपणापलीकडच्या टायरच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर वाजवलं होतं. दुकानदाराने तक्रार केली नाही. उलट पोचा आलेल्या जागेवर लाल रंगाने गोल काढून ठेवला.

ग्लेन हावरकॅम्प हा कॅलावे हेरन्स संघाचा मॅनेजर. हेरन्स म्हणजे मोठ्या लीगच्या अगदी खालची पायरी. इथून पोरं वर जातात, आणि वर न टिकलेली परत इथे येतात. ग्लेनचं सगळं आयुष्य अशाच पायऱ्यांवर गेलं होतं. मोठ्या लीगच्या मैदानात तो एकदाच, एका सप्टेंबरात, गणवेश घालून बसला होता आणि तेव्हाही त्याला कोणी खेळवलं नव्हतं. आता साठी जवळ आली होती. बसच्या प्रवासाने कंबर गेली होती. पण नजर शाबूत होती, आणि त्या नजरेला यॉर्डीत खोट दिसत नव्हती.

यॉर्डी शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या रानाचा राखणदार. तिथे येणारा चेंडू उचलायचा आणि फलंदाज पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा, हे त्याचं काम. तो ते असं करायचा, की जणू कोणी "जरा चावी टाक रे" म्हणावं आणि याने न बघता टाकावी. पळता पळता, गुडघ्यावर बसून, हवेत तिरका होऊन, कसाही फेकला तरी चेंडू पलीकडच्या ग्लोव्हमध्ये चपकन बसायचा. क्षेत्ररक्षणाचा कोच टीटो बारेला स्वतः क्यूबाचा. आयुष्यभर त्याने कोणाचं कौतुक केलं नव्हतं. तो म्हणायचा, "याला मी काय शिकवू? मी नुसता चेंडू परत द्यायला उभा असतो."

त्या आठवड्यात वरच्या ऑफिसातून स्लोन आला. खेळाडूंना कधी वर घ्यायचं आणि कधी खाली ठेवायचं, हे ठरवणारा हा माणूस ग्लेनच्या मुलापेक्षा लहान होता. तो ग्लेनच्या खोलीत आला, दार लावलं आणि खुर्ची पुसून बसला.

"पोरगा तयार आहे," ग्लेन म्हणाला. "मार्चमध्येच होता. तुम्ही त्याला खाली का पाठवलात ते तुमचं तुम्हाला माहीत."

"तेच सांगायला आलोय. सुरुवातीपासून वर ठेवला तर सहा वर्षांनी तो मोकळा होतो, वाटेल त्या संघात जाऊ शकतो. पहिले काही आठवडे इथे काढले तर हे वर्ष पूर्ण धरलं जात नाही. म्हणजे सातवं वर्षही आपलंच. भर उमेदीतलं."

"मग तसंच सांगा ना लोकांना."

"तसं नाही सांगता येत. खेळाडूंची युनियन दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील. खेळातलं काहीतरी कारण हवं. आणि ते मी बोललो तर पेपरवाले हसतील. तुम्ही बोललात तर लिहून घेतील."

ग्लेन सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. त्याने टरफलं कागदी पेल्यात थुंकली.

"त्याच्यात खोट नाहीये, स्लोन."

"प्रत्येकात असते. फक्त फलंदाजी म्हणू नका, धावणं म्हणू नका. ते यंत्रं मोजतात, आकडे गावभर होतात. डोळ्यानेच दिसेल असं काहीतरी सांगा." स्लोनने भिंतीवरच्या जुन्या संघांच्या फोटोंवरून नजर फिरवली. "बाय द वे, पुढच्या वर्षी वरच्या बाकावर एका कोचची जागा रिकामी होतेय. नाव मलाच सुचवायचंय. अजून कोणाचं ठरवलं नाही."

ग्लेनने पेला टेबलाच्या कडेला सरकवला. मग म्हणाला, "फेक."

"फेक?"

"फेकताना कोपर खाली येतं. असं म्हणू."

स्लोनने मान डोलावली. "येतं का खरंच?"

"नाही."

"मग मला हे सांगायची गरज नव्हती," स्लोन उठत म्हणाला.

जुन्या खेळाडूंना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फेक ही करायची गोष्ट आहे, विचार करायची नाही. जिना उतरताना कोणता पाय आधी टाकतो असा विचार करणारा माणूस तोंडावर आपटतो. ग्लेनच्या तरुणपणी त्याच्याच संघात एक कॅचर होता, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. एके दिवशी कोणीतरी गमतीने त्याला म्हणालं, की तू चेंडू सोडताना जीभ बाहेर काढतोस. उन्हाळा संपेपर्यंत त्याला चेंडू साध्या माणसासारखा परत देता येईना. त्याने खेळ सोडला आणि गवत कापायची यंत्रं विकायला लागला. ग्लेनला हे आठवत नव्हतं असं नाही. पण फलंदाजी नाही, धावणं नाही, म्हटल्यावर तोंडात पहिलं जे आलं ते आलं. एकदा बोलून गेल्यावर बदलणं त्याला लाजिरवाणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टीटोला आधी सांगितलं. टीटोने हातातली कॉफी खाली ठेवली.

"तू वेडा आहेस का? त्याला खरं सांग. म्हणावं, वरच्यांनी अडवलंय, गुपचूप खेळत राहा. आमच्याकडची पोरं असली लबाडी लहानपणापासून बघतात. शिव्या घालेल आणि समजून घेईल."

"ते सांगायचं नाही असा हुकूम आहे. युनियनला कळेल."

"मग काहीच सांगू नकोस."

"उद्या पेपरात येणारच आहे, टीटो. मग तो मला विचारेल."

"कोणता हुकूम, तुझ्या बापाचा?" टीटो म्हणाला. "काय देतायत तुला?"

ग्लेन टेबलावरचे कागद आवरायला लागला. टीटोला ते उत्तर पुरलं.

यॉर्डी आला तो टोपी हातात घेऊन. इंग्रजी त्याला बऱ्यापैकी कळायचं, पण मॅनेजरच्या खोलीत तो नेहमी स्पॅनिश बोलणाऱ्या टीटोच्या शेजारी उभा राहायचा. ग्लेनने सांगितलं, तुझी फेक अजून मोठ्या लीगची नाही. कोपर खाली येतं. ते सुधारलं की वर.

यॉर्डी रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता चकित झाला. "मला कोणी कधी बोललं नाही," तो म्हणाला. मग पुढे झुकला. "किती खाली येतं, कोच? दाखवाल?"

तेव्हा ग्लेनला उठावं लागलं. कंबरेला हात लावत तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि कधीच न घडलेली चूक स्वतःच्या हाताने करून दाखवली. "हे असं येतं. हे असं हवं." टीटो खिडकीबाहेर बघत होता. यॉर्डीने दोन्ही हालचाली नीट बघितल्या, पुन्हा करायला सांगितल्या, आणि स्वतः करून बघितल्या. जाताना "थँक यू, कोच" म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी मैदानात दिसायला लागला. गवतावर दव असायचं, माळी दोऱ्या सोडवत असायचे, आणि हा चेंडूंची बादली घेऊन उभा. टीटो पहिल्या बेसवर. एक फेक झाली की यॉर्डी हात तसाच हवेत धरून कोपराकडे बघायचा. पूर्वी त्याचा चेंडू कुठे गेला हे तो बघतही नसे. आता तो चेंडूकडे सोडून स्वतःकडे बघत होता.

टीटो सकाळच्या सकाळी ग्लेनकडे यायचा. "त्याला म्हण, झालं, सुधारलं. आज म्हण."

"आज सुधारलं म्हटलं तर उद्या वर का नेत नाही असं विचारतील. अजून थोडे आठवडे."

यॉर्डीही विचारायचा. सराव संपला की घामाने निथळत ग्लेनच्या दारात उभा. "आता बरोबर आहे, कोच?" आणि ग्लेन त्या दिवसाच्या खेळाडूंची नावं फळ्यावर लावता लावता म्हणायचा, "बरं आहे. अजून थोडं वर."

पोरगं कोपर अजून थोडं वर घ्यायचं.

मेच्या मध्यावर, टोलीडोच्या संघाशी सामना चालू असताना, एक अगदी साधा चेंडू त्याच्याकडे आला. शाळेतल्या पोराने उचलून फेकावा असा. यॉर्डीने उचलला, एक क्षण थांबला आणि फेकला. चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून प्रेक्षकांत गेला आणि एका लठ्ठ माणसाच्या बिअरच्या पेल्यावर आदळला. मैदान हसलं. यॉर्डीही हसला, छातीवर हात ठेवून त्याने त्या माणसाची माफी मागितली. पुढच्या डावात पुन्हा तसंच झालं. तेव्हा तो हसला नाही.

कॅलावेचे लोक वाईट नव्हते. आठवडाभर कारखान्यात राबून ते हसायला यायचे, आणि त्यांना हसायला मिळालं. पहिल्या बेसमागच्या रांगांत बसणाऱ्यांनी घरून पातेल्यांची झाकणं आणायला सुरुवात केली. यॉर्डीच्या हातात चेंडू गेला की झाकणं वर जायची, ढालीसारखी, आणि सगळा कोपरा खणखणायचा. फेक नीट गेली तर "अरेरे" म्हणायचे. एका बाईने छत्री आणली. मग तिकिटं खपवणाऱ्या ऑफिसातल्या मुलीला कल्पना सुचली, की शनिवारी येणाऱ्या पहिल्या पाचशे लोकांना प्लास्टिकचं हेल्मेट फुकट द्यायचं.

टीटो त्या हेल्मेटांच्या जाहिरातीचा फलक घेऊन ग्लेनच्या खोलीत आला आणि टेबलावर टाकला. "हे तरी थांबव."

"तिकिटांचं खातं माझ्याकडे नाही."

"तुझ्याकडे काय आहे मग?"

शनिवारी मैदान भरलं. पिवळ्या हेल्मेटांची रांगच्या रांग लागली होती. यॉर्डीने त्या दिवशी दोनदा चेंडू कुंपणापलीकडे घालून होमरन मारले आणि त्याबद्दल कोणालाही काही आठवत नाही. लोकांना आठवतं ते शेवटच्या डावातलं. चेंडू त्याने सहज उचलला, हात मागे नेला आणि हात तिथेच राहिला. तो फेकेच ना. फलंदाज धावत होता, यॉर्डी चेंडू घेऊन पहिल्या बेसच्या दिशेने पळत सुटला, स्वतःच नेऊन द्यायला, चिठ्ठी पोचवणाऱ्या शिपायासारखा. अर्ध्यातच फलंदाज पोचला. हेल्मेटवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सामन्यानंतर तो नाहणीघरात नळ सोडून बराच वेळ बसून होता. टीटो बाहेर टॉवेल घेऊन उभा राहिला.

सोमवारी स्लोनचा फोन आला. "वेळ झाली. उद्या पाठवा त्याला. पोस्टर छापून झालेत."

ग्लेनने दार लावून घेतलं. "स्लोन, त्याला आता फेकता येत नाही. त्याची फेक गेली. आपण घालवली."

"आपण म्हणजे कोण? सामने मी पण बघतो. थोडा डळमळलाय."

"डळमळला नाही. त्याच्या हाताचं डोकं फिरलंय. एप्रिलमध्ये त्याला काहीही झालं नव्हतं. मीच ते..."

"ग्लेन," स्लोन शांतपणे म्हणाला, "एप्रिलमध्ये सगळे म्हणत होते पोरगा निर्दोष आहे. तुम्ही एकट्याने सांगितलंत, फेक बघा. आता जगाला दिसतंय. याला नजर म्हणतात. मी मीटिंगमध्ये हेच सांगितलं."

ग्लेनचं तोंड उघडं होतं. ते त्याने मिटलं. एक वाक्य अजून बोलता आलं असतं. ते न बोलता तो म्हणाला, "उद्या सकाळच्या विमानाने पाठवतो."

वर जाणाऱ्या पोराला मॅनेजर स्वतः बातमी देतो, ही रीत आहे. बाकीचे दाराला कान लावून असतात आणि मग आत घुसून त्याच्या अंगावर दाढीचा फेस ओततात. यॉर्डीला बातमी दिली तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. "मी तयार आहे का, कोच?" त्याने विचारलं. ग्लेन म्हणाला, "आहेस." ऑफिसातून मिळालेली नवीन बॅग खांद्याला लावून पोरगा गेला.

पहिला सामना त्यांनी कपडे बदलायच्या खोलीतल्या टीव्हीवर बघितला. दुसऱ्या डावात यॉर्डीने चेंडू मधल्या कुंपणापलीकडे घातला. चाळीस हजार लोक उभे राहिले, आणि बाराहोनाहून आणलेला त्याचा मामा कॅमेऱ्याने दाखवला, मोठ्या कोटात कुडकुडत असलेला. चौथ्या डावात चेंडू त्याच्याकडे आला. ती फेक पहिल्या बेसपासून इतकी लांब गेली, की टीव्हीवर बोलणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "हा चेंडू नक्की कोणासाठी होता?" दुसरा इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

टीटोने टीव्ही बंद केला.

पुढे वर जे व्हायचं ते झालं. त्याला मागच्या मैदानात उभं केलं, तिथून फेक आणखी लांब. दुसऱ्या संघांना गुपित कळलं, ते मुद्दाम त्याच्याकडे चेंडू मारायला लागले. मग बॅटही गेली, कारण जो माणूस मैदानात सतत चेंडू आपल्याकडे न येवो म्हणून प्रार्थना करतो त्याचे हात बॅटवरही सैल पडतात. ऑगस्टात त्याला खाली पाठवलं.

तो आला त्या दुपारी ऊन करपवत होतं. ग्लेन आणि टीटो बाकावर बसले होते. यॉर्डी बारीक झाला होता. त्याने ग्लेनशी हात मिळवला आणि सोडला नाही.

"मला तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी सुधारलं होतं. "वर इतके कोच आहेत, कॅमेरे आहेत. कोणालाच दिसलं नव्हतं. तुम्हाला आधी दिसलं. मी अजून मेहनत करायला हवी होती."

टीटो उठून चालायला लागला.

"थांब," ग्लेन म्हणाला. टीटो थांबला. ग्लेनने यॉर्डीला बसवलं आणि सगळं सांगितलं. स्लोन आला होता, सातवं वर्ष, खोटं कारण, वरची नोकरी. "तुझं कोपर कधीच खाली येत नव्हतं. मी ते रचलं. तुझ्यासारखी फेक मी आयुष्यात बघितली नाही."

यॉर्डीने सगळं ऐकून घेतलं. मग टीटोकडे बघितलं. टीटो स्पॅनिशमध्ये म्हणाला, "खरं बोलतोय. लाज वाटते, पण खरं आहे."

पोरगा हसला. म्हाताऱ्या माणसांकडे बघून तरुण माणसं हसतात तसा. "तुम्ही दोघे चांगले आहात. माझं मन राखताय." त्याने ग्लेनच्या गुडघ्यावर थोपटलं. "पण खोट नसती तर चेंडू प्रेक्षकांत गेला असता का, कोच? मी स्वतः बघितलंय, व्हिडिओवर. येतं खाली. आता तर मलाही दिसतं." आणि बादली घेऊन तो मैदानात गेला. ग्लेन त्याच्यामागे गेला नाही.

हिवाळ्यात ग्लेनला वरची जागा मिळाली. त्याची बायको रडली. कॅलावेच्या पेपराने अर्धं पान दिलं. टीटोने राजीनामा दिला आणि हायलीया गावात भावाच्या फर्निचरच्या दुकानात बसायला लागला. ग्लेनने केलेले फोन त्याने घेतले नाहीत.

मार्चमध्ये फ्लोरिडातल्या सराव-तळावर वरचा संघ जमला. सकाळी मीटिंग झाली. स्लोनने नव्या निरीक्षकांशी ग्लेनची ओळख करून दिली. "आकड्यांना जे दिसत नाही ते यांना दिसतं." पोरं आदराने वह्या सरसावून बसली. त्याच मीटिंगमध्ये कमी करायच्या खेळाडूंची नावं वाचली गेली. एका नावावर कोणी थांबलं नाही. स्लोनने पान उलटलं.

दुपारी ग्लेन बॅटरीच्या गाडीतून मुख्य मैदानाकडे चालला होता. लांबच्या मोकळ्या मैदानावर, सिमेंटच्या भिंतीसमोर, कोणीतरी एकटं फेकत होतं. अंगात संघाचा गणवेश नव्हता, साधी जीन्स होती. बॅग शेजारी गवतावर. चेंडू भिंतीवर आपटून परत यायचा, तो उचलायचा, थांबायचा, कोपर खांद्यापर्यंत उचलून बघायचा आणि फेकायचा. भिंतीवर खडूने चौकोन काढला होता. चेंडू त्याच्या आसपासही लागत नव्हते.

सुरक्षारक्षकाने गाडी थांबवली. "सर, त्या माणसाचं ओळखपत्र सकाळीच बंद झालंय. मी दोनदा सांगितलं, तो म्हणतो थोडंच राहिलंय. तुमच्या संघाबरोबरचा आहे का तो? असेल तर राहू देतो."

ग्लेनने तिकडे बघितलं. पोराने मान वळवली होती. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण त्याने ओळखून हात वर केला होता.

"नाही," ग्लेन म्हणाला. "आमच्याबरोबरचा नाही."

रक्षक शिट्टी तोंडात धरून गवतावरून चालत निघाला. ग्लेनने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली.